श्रीमंतांच्या किनाऱ्यावर अल्पवित्त प्रवासी

२९ जून २०२४ च्या रात्रीं महाराष्ट्रांतील असंख्य घरांतून दिवे उशिरापर्यंत जळत होते. सात समुद्रांपलीकडे, वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस बेटावर, ब्रिजटाउन शहराच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानांत रोहित शर्मा याच्या नेतृत्वाखालीं भारतीय संघानें वीस षटकांच्या क्रिकेटचें जगज्जेतेपद मिळविलें. विजयानंतर कर्णधारानें खेळपट्टीवरील मातीचा कण जिभेवर ठेवला, तें दृश्य पुष्कळांच्या स्मरणांत असेल. पुढें दोनच दिवसांनीं ‘बेरिल’ नांवाचें चक्रीवादळ त्या बेटाच्या दक्षिणेकडून गेलें, विमानतळ बंद झाला आणि विजयी वीरांना हॉटेलांतच अडकून पडावें लागलें.

ब्रिजटाउन, किंग्स्टन, पोर्ट ऑफ स्पेन हीं नांवें मराठी घरांत तशीं जुनींच आहेत. १९७१ सालीं अजित वाडेकर यांच्या संघानें वेस्ट इंडीजच्या भूमीवर प्रथमच कसोटी सामन्यांची मालिका जिंकली, तेव्हांपासून तीं वडील माणसांच्या तोंडीं बसलेलीं आहेत. परंतु मैदानाच्या कुंपणापलीकडील बेट कसें आहे, याची कल्पना फार थोड्यांस असते. चित्रांतून दिसतो तो शुभ्र वाळूचा किनारा, निळें पाणी आणि त्याला खेटून उभ्या असलेल्या प्रासादतुल्य हॉटेलांची रांग. अशा किनाऱ्यावर पाठीला पिशवी व खिशांत मोजके पैसे असलेल्या माणसास कोणी उभें तरी करील काय, अशी शंका मनांत येणें साहजिक आहे. या शंकेचें उत्तर थोडें विस्तारानें देण्यासारखें आहे; कारण त्यांत केवळ प्रवासखर्चाचा हिशेब नाहीं.

बार्बेडोस हें कॅरिबियन बेटांच्या माळेंतील अगदीं पूर्वेकडचें बेट. लांबी सुमारें चौतीस किलोमीटर, रुंदी सुमारें तेवीस. क्षेत्रफळ साधारण ४३० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई उपनगर जिल्ह्याहून फार मोठें नव्हे. लोकसंख्या पावणेतीन लाखांच्या आसपास. शेजारचीं कित्येक बेटें ज्वालामुखीपासून झालेलीं आहेत; बार्बेडोसचा बहुतेक पृष्ठभाग मात्र पोंवळ्यांच्या चुनखडीचा आहे. त्याचे दोन लाभ परक्या माणसासही मिळतात. पोंवळ्यांचा व शिंपल्यांचा चुरा होऊन तेथील वाळू मऊ व फिकट रंगाची झाली आहे. आणि पावसाचें पाणी त्याच खडकांतून गाळून जमिनींत सांठत असल्यामुळें नळाचें पाणी निर्धास्तपणें पितां येतें. पाण्याच्या बाटलीवर पैसा खर्चण्याचें कारण उरत नाहीं.

बेटाच्या दोन बाजूंचा स्वभाव अगदीं भिन्न. पूर्वेस अटलांटिक महासागराच्या लाटा बॅथशेबा येथील खडकांवर आदळत असतात. पश्चिमेस कॅरिबियन समुद्र तळ्यासारखा शांत. हॉटेलें जमलीं तीं अर्थातच या शांत बाजूस. याच बाजूला होलटाउन हें गांव आहे. १६२५ सालीं इंग्रजांचें जहाज येथें लागलें आणि १६२७ सालीं वसाहत झाली. पुढें उंसाचे मळे आले, आणि त्या मळ्यांवर राबण्यासाठीं आफ्रिकेंतून धरून आणलेलीं लक्षावधि माणसें आलीं. १८३४ सालीं कायद्यानें गुलामगिरी संपली. परंतु उमेदवारीच्या नांवाखालीं चाललेली सक्ती १८३८ सालींच सुटली. आजचे बहुसंख्य बेटवासी त्या माणसांचे वंशज होत. १९६६ सालीं बेट स्वतंत्र झालें आणि ३० नोव्हेंबर २०२१ रोजीं तें प्रजासत्ताक झालें.

साखरेचा धंदा मंदावला तसा प्रवाशांचा धंदा वाढला. १९६१ सालीं रोनाल्ड ट्री या ब्रिटिश पार्लमेंटच्या माजी सभासदानें होलटाउननजीक सँडी लेन हें हॉटेल उघडलें आणि धनिक युरोपियनांची तेथें रीघ लागली. आज पश्चिम किनाऱ्याच्या रस्त्यानें जातांना मैलोगणती उंच भिंती, फाटकें व पहारेकरी दिसतात. समुद्र मात्र दिसत नाहीं. नवखा प्रवासी येथेंच खचतो. भिंतीपलीकडचें सारें विकलें गेलें, असा त्याचा ग्रह होतो आणि तो आल्या पावलीं परततो.

हा ग्रह खरा नाहीं. बार्बेडोसमध्यें किनारा कोणा एकाचा नाहीं. भरतीच्या पाण्याची रेघ जेथपर्यंत येते, तेथपर्यंतची भूमि राष्ट्राची आहे. तिच्यावर कोणाही माणसानें चालावें, बसावें, पोहावें. हॉटेलवाल्याच्या मालकीच्या असतात त्या खुर्च्या, छत्र्या आणि मागची हिरवळ. त्यांचें भाडें द्यावें लागतें, वाळूचें नव्हे. प्रश्न एवढाच कीं, त्या वाळूपर्यंत पोंचावें कसें. त्यासाठीं दोन भिंतींच्या मधून गेलेल्या अरुंद वाटा असतात. कांहीं ठिकाणीं इमारतींच्या मध्यें मोकळी जागा राखलेली असते. तिला तेथें ‘समुद्राच्या खिडक्या’ असें सुरेख नांव आहे. पाटी नसली तर बसथांब्यावरील एखाद्या आजीबाईस नमस्कार करून विचारावें. नमस्काराचा उल्लेख मुद्दाम केला. कारण ‘गुड मॉर्निंग’ म्हटल्यावांचून एकदम प्रश्न टाकणें हें तेथें असभ्यपणाचें समजतात. नमस्कारास उत्तर मिळतें, आणि मागून वाटही मिळते.

आतां खर्चाचा विचार. बेट स्वस्त नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. खाद्यपदार्थांपैकीं पुष्कळसे बाहेरून जहाजानें येतात, आणि स्थानिक दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक डॉलर असा भाव १९७५ पासून ठरलेला आहे. मध्य डिसेंबर ते मध्य एप्रिल हा थंड देशांतील लोकांच्या स्थलांतराचा काळ. तेव्हां खोल्यांचे दर चढलेले असतात. जून ते नोव्हेंबर हा पावसाचा व वादळांचा काळ. त्या वेळीं दर उतरतात, पण बेरिलसारखा पाहुणा केव्हां येईल याचा नेम नसतो. मे महिना किंवा डिसेंबरचा आरंभ हा मध्यम मार्ग शहाण्या प्रवाशास सोयीचा पडतो.

मुक्काम पश्चिमेस करूं नये. दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंगच्या बाजूस लहान अतिथिगृहें व स्वयंपाकाची सोय असलेल्या खोल्या त्या मानानें माफक दरांत मिळतात. तेथून पश्चिम किनारा गांठण्यास सार्वजनिक बस आहे. तिच्या तीन जाती: सरकारी निळी, खाजगी पिवळी, आणि पांढऱ्या रंगाची तांबड्या पट्ट्याची लहान गाडी. शेवटच्या गाडींत माणसें दाटीवाटीनें बसवितात व गाणें मोठ्यानें लावतात. मुंबईच्या लोकलची संवय असलेल्यास तिचें भय वाटावयाचें कारण नाहीं. अंतर कितीही असो, भाडें एकच. २०१९ सालीं तें साडेतीन स्थानिक डॉलर ठरविण्यांत आलें. सरकारी बसमध्यें सुटे परत मिळत नाहींत, म्हणून नाणीं मोजून जवळ ठेवावींत. थांब्यांवर ‘शहराकडे’ किंवा ‘शहराबाहेर’ एवढेंच लिहिलेलें असतें. बेट एवढेंसें कीं त्याहून अधिक सांगण्याची गरज पडत नाहीं.

जेवणाचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. मिठाच्या पावांत मासा किंवा चीज घालून देतात, त्यास ‘कटर’ म्हणतात. एक खाल्ला कीं दुपार निभावते. शुक्रवारीं रात्रीं ऑइस्टिन्स या कोळ्यांच्या गांवीं उघड्यावर मासे भाजतात, तेथें बेटवासी आणि परदेशी एकाच बांकावर बसतात. शाकाहारी माणसासही उपाशी राहावें लागत नाहीं. १८४५ पासून हिंदुस्थानांतून त्रिनिदादला गेलेल्या करारबद्ध मजुरांनीं आपली रोटी तेथें नेली. त्रिनिदादहून ती बार्बेडोसला आली. बटाटा व चणे यांची आमटी पोटांत घेऊन गुंडाळलेली ही रोटी हातांत पडली म्हणजे परदेशाचें परकेपण थोडें कमी होतें. बाजारांत ‘ब्रेडफ्रूट’ म्हणून जें फळ दिसतें, तें कोंकणांतील नीरफणसच होय. मळ्यांवरील गुलामांना स्वस्त अन्न मिळावें या हेतूनें तें १७९३ सालीं कॅप्टन ब्लाय यानें पॅसिफिकमधून वेस्ट इंडीजमध्यें आणविलें होतें. कोंकणी माणसास त्याच्या कापा कशा कराव्या हें शिकवावें लागणार नाहीं.

कांहीं इशारे देणें अवश्य आहे. किनाऱ्यावर मँचिनील नांवाचें एक झाड आढळतें. त्याचीं फळें लहान हिरव्या सफरचंदासारखीं, दिसावयास मोहक, परंतु जहाल विषारी. पाऊस आला म्हणून त्याखालीं उभें राहिल्यास पानांवरून ठिबकणाऱ्या चिकानें कातडीवर फोड उठतात. सावधगिरी म्हणून पुष्कळ ठिकाणीं खोडास तांबडा पट्टा मारतात. पट्टा दिसला कीं सावलीचा मोह सोडावा. दुसरें, सैनिकी चट्ट्यापट्ट्यांचा कपडा नागरिकानें वापरणें तेथें कायद्यानें वर्ज्य आहे. पाठीवरची पिशवीही तशी नसावी. तिसरें, २०११ पासून सार्गासम नांवाचें तपकिरी समुद्रशेवाळ कांहीं वर्षीं ढिगांनीं वाहून येतें व कुजून दुर्गंधि सोडतें. त्याचा जोर पूर्व व दक्षिण बाजूस अधिक, पश्चिमेस कमी असतो.

इतकी तयारी करून प्रवासी एके दिवशीं पहांटे उठतो. ब्रिजटाउनला लागूनच कार्लाइल बे हा मोकळा किनारा आहे. जवळच्या गॅरिसनमधील शर्यतीचे घोडे तेथें उजाडतां उजाडतां स्नानास आणतात. मानेपर्यंत पाण्यांत शिरलेले ते घोडे आणि त्यांच्या शेजारीं कमरेइतक्या पाण्यांत उभ्या राहून गप्पा मारणाऱ्या वृद्ध स्त्रिया, हा देखावा पाहण्यास पैसा पडत नाहीं. सकाळचें समुद्रस्नान हा बेटवासीयांचा जुना नेम आहे. आपल्याकडील नदीवरच्या स्नानाप्रमाणेंच त्यांत आरोग्य थोडें व समाचार पुष्कळ असतो. मग बसनें होलटाउनला जावें आणि वाळूवरून पायीं चालूं लागावें. एका बाजूस निळें पाणी, दुसऱ्या बाजूस एका रात्रीला कारकुनाचा कित्येक महिन्यांचा पगार घेणारीं हॉटेलें. पहारेकरी पाहतो, प्रवासी मान लववून नमस्कार करतो, पहारेकरीही नमस्कार करतो. दोघांसही ठाऊक असतें कीं ही वाट अडवितां येत नाहीं. मात्र जेथें वाळू झिजून अरुंद झाली आहे, तेथें भरतीच्या वेळीं भिंतीच्या पायथ्याशीं लाटा येतात आणि जोडे हातांत घेऊन पाण्यांतूनच पुढें जावें लागतें. म्हणून ओहोटीची वेळ पाहून निघणें चांगलें.

या शेवटच्या गोष्टींतच खरी मेख आहे. हक्क कायद्यांत असला तरी वाट जमिनीवर असावी लागते. एक नवी भिंत उठली, एका वाटेवर झुडपें माजलीं, एक पाटी पडली, कीं हक्क तसाच राहूनही माणूस रस्त्यावरच राहतो. याचा त्रास परदेशी प्रवाशास एक दिवस होतो; परंतु रोज सकाळीं स्नानास जाणाऱ्या आजीबाईस, होडी ओढणाऱ्या कोळ्यास व सुटीच्या दिवशीं मुलें घेऊन येणाऱ्या कुटुंबास तो जन्माचा होतो. ज्यांच्या पणज्यांनीं याच किनाऱ्यालगतच्या मळ्यांवर फुकट श्रम केले, त्यांच्याच पणतवंडांना समुद्र भिंतीवरून डोकावून पाहावा लागला, तर स्वातंत्र्याला अर्थ तो काय राहिला? म्हणूनच बार्बेडोसमध्यें एखादी वाट बंद होण्याची चिन्हें दिसलीं कीं लोक बोलूं लागतात. त्यांच्या डोळ्यांपुढें शेजारचें उदाहरण आहे. जमेकांत १९५६ सालच्या ब्रिटिश अमदानींतील कायद्यानें किनाऱ्याचे हक्क सरकारकडे गेले व सर्वसाधारण जनतेस तेथें जाण्याचा सरसकट हक्क मिळाला नाहीं. त्यावरून तेथील नागरिकांना न्यायालयाचीं दारें ठोठवावीं लागलीं आहेत.

अल्पवित्त प्रवाशाच्या हातून या बाबतींत एक लहानसें काम होण्यासारखें आहे. ज्या वाटेवरून माणसें चालतात, ती वाट बुजत नाहीं. त्यानें हॉटेलाच्या फाटकाकडे आशाळभूतपणें न पाहतां गल्लीची वाट धरावी, स्थानिक बसमध्यें बसावें, कोळिणीकडून मासा किंवा गाडीवाल्याकडून रोटी घ्यावी, आणि आपला कचरा आपल्या पिशवींत परत न्यावा. त्याचे थोडे पैसे थेट बेटवासीयाच्या हातांत पडतात, आणि त्याची पावलें वाट जागती ठेवतात.

४ जुलै २०२४ च्या संध्याकाळीं, वादळांतून सुटून आलेल्या विजयी संघास पाहण्यासाठीं मरीन ड्राइव्हवर लोकांचा सागर लोटला होता. त्या दिवशीं समुद्राकडील कठड्यावर कोण श्रीमंत बसला व कोण गरीब उभा राहिला, याची मोजदाद कोणीं केली नाहीं. गिरगांवची चौपाटी असो कीं होलटाउनची वाळू, समुद्रकांठ सर्वांचा असतो तोंवरच तेथें असा मेळावा भरूं शकतो. बार्बेडोसला जाण्याचा योग सर्वांनाच येईल असें नाहीं. परंतु आपल्या गांवच्या नदीकडे, तळ्याकडे, समुद्राकडे जाणारी वाट अजून मोकळी आहे काय, हें उद्यां सकाळीं फिरावयास जातांना प्रत्येकास पाहतां येईल.