संगणकप्रणालींचीं घराणीं



खुलताबादेस जो जातो, त्यास वारशाच्या दोन तऱ्हा जवळजवळ पाहावयास मिळतात. गांवांत शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब व त्यांचे शिष्य झैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे आहेत. बुऱ्हाणुद्दीन हे स्वतः दिल्लीच्या निजामुद्दीन अवलियांचे शिष्य. या तिघांस जोडणारा धागा रक्ताचा नव्हे, दीक्षेचा. याच तालुक्यांत वेरूळ आहे. तेथील भोसले घराण्याचा वारसा मालोजींकडून शहाजींकडे व त्यांजकडून शिवाजी महाराजांकडे आला, तो रक्ताचा. हे दोन वारसे मनांत ठेवले म्हणजे आजचा माझा विषय, संगणकांच्या निरनिराळ्या कार्यप्रणालींचें परस्परांशीं नातें, सहज उलगडेल.

कार्यप्रणाली, अर्थात् ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाच्या घरांतला कारभारी. यंत्राची स्मृति कोणाला किती द्यावी, पडदा व कळफलक कोणाच्या ताब्यांत असावा, कागदपत्रें कोठें ठेवावीं, हें तोच ठरवितो. विंडोज, मॅकओएस, लिनक्स, अँड्रॉइड हे असे चार कारभारी. एकाच्या हाताखालीं काम शिकलेला मनुष्य दुसऱ्याला पाहून बिचकतो. पण यांचीं कुळें तपासलीं तर चारांपैकीं तीन एकाच मूळपुरुषाकडे जाऊन पोंचतात.

तो मूळपुरुष म्हणजे युनिक्स. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं त्याचा आरंभ केला. १९७३ सालीं तो सी नांवाच्या भाषेंत नव्यानें लिहिला गेला, आणि एका जातीच्या यंत्रावरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर त्यास नेणें सुकर झालें. कॅलिफोर्निया विद्यापीठांत, बर्कले येथें, त्यांत भर पडून बी.एस.डी. ही शाखा फुटली. घर मोठें झालें कीं वाटणीचा तंटा येतोच. या लिखाणावर मालकी कोणाची, हा वाद १९९२ सालीं न्यायालयांत गेला आणि १९९४ मध्यें तडजोडीनें मिटला. पुढें १९९७ सालीं अॅपल कंपनीनें नेक्स्ट ही कंपनी विकत घेतली. नेक्स्टच्या प्रणालींत बी.एस.डी.चें लिखाण होतें. तेंच मॅकओएसच्या पायांत आलें, आणि आयफोनहि त्याच पायावर उभा आहे. हें नातें रक्ताचें.

लिनक्सचें तसें नाहीं. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें प्रणालीचा गाभा नव्यानें लिहिला. युनिक्सची रीत त्यानें घेतली. लिखाण घेतलें नाहीं. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जाहीर केलेल्या ग्नू या उपक्रमांतील साधनें त्या गाभ्यास मिळालीं, आणि हें सारें कोणीहि वाचावें, बदलावें व वाटावें, अशी मुभा राहिली. हें नातें दीक्षेचें. पुण्यास मुख्य ठाणें असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ ही प्रणाली याच संप्रदायांतील डेबियनपासून घडविलेली आहे. अँड्रॉइड फोनचा गाभाहि लिनक्सच.

विंडोजचें घराणें मात्र वेगळें. १९८१ सालच्या डॉसवर त्याचा पहिला संसार उभा राहिला. आजची विंडोज १९९३ सालच्या एन.टी.पासून उतरली आहे. एन.टी.चे प्रमुख रचनाकार डेव्ह कटलर यांनीं पूर्वीं डिजिटल कंपनींत व्ही.एम.एस. ही प्रणाली घडविली होती, म्हणून तिची छाप एन.टी.वर दिसते. तात्पर्य, चेहऱ्यावरून कुळ ओळखूं नये. विंडोज व मॅकओएस यांच्या खिडक्या सारख्या दिसतात, पण घराणीं भिन्न. अँड्रॉइडचा फोन व लिनक्सचा संगणक निराळे दिसतात, पण गाभा एक.

ही वंशावळ जाणून घेण्यांत लाभ काय? १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नियमित सेवा संपली. कित्येक जुनीं यंत्रें विंडोज ११ च्या अटींत बसत नाहींत. खेड्यांतल्या शाळेनें असें यंत्र भंगारांत घालावें काय? कारभारी म्हातारा झाला म्हणून कोणी घर पाडीत नाहीं. अशा पुष्कळ यंत्रांवर लिनक्स उत्तम चालतें, आणि ज्या मुलानें अँड्रॉइड हाताळलें आहे, तें मूल त्या घराण्यास अगदींच परकें नाहीं.

मात्र एक सावधगिरीची सूचना. नातें आहे म्हणून एकाचा कार्यक्रम दुसऱ्याकडे तसाच चालेल, असें नव्हे. विंडोजसाठीं केलेले हिशेबाचे कार्यक्रम लिनक्सवर बहुधा सरळ चालत नाहींत. छपाईचें यंत्र जुळतें कीं नाहीं, हें आधीं पाहावें. जुन्या पद्धतीच्या टंकांत लिहिलेला मराठी मजकूर, तो टंक नसेल तेथें, निरर्थक अक्षरांचा ढीग होतो. युनिकोडमध्यें लिहिलेला मजकूर मात्र सर्व घराण्यांत वाचतां येतो. १९९१ सालच्या त्याच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीस जागा मिळाली होती. म्हणून शाळेनें व ग्रामपंचायतीनें आपलें दप्तर युनिकोडमध्यें ठेवावें. कारभारी बदलतील, दप्तर आपलें आहे, तें आपल्याला वाचतां आलें पाहिजे.