तापात बडबड? आधी दवाखाना!



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका सखीला ताप आला. तिसऱ्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागली, पोटच्या लेकीला ओळखेना. बाहेरचं काहीतरी लागलंय, असं सगळे म्हणाले. आम्हीही अंगारा आणायला निघालो होतो. तेवढ्यात तिला झटका आला आणि आशाताईंनी १०८ला फोन लावला.

दवाखान्यात पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासलं, एमआरआय काढला. हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूमुळे मेंदूला सूज आली होती. तापात ओठाच्या कडेला बारीक फोड येतात ना, तोच हा विषाणू. पुष्कळांच्या अंगात तो निपचित असतो. मेंदूत क्वचितच जातो. पण गेला आणि उपचार झाले नाहीत, तर १००पैकी सुमारे ७० रुग्ण दगावतात. त्यावर ॲसायक्लोव्हिर हे औषध शिरेतून १४ ते २१ दिवस देतात. नुसती शंका आली तरी डॉक्टर अहवालासाठी थांबत नाहीत, लगेच सुरू करतात.

आमची सखी वाचली. अजून नावं विसरते, आम्ही आठवण करून देतो. म्हणून सांगतो, तापासोबत बडबड, विसर किंवा झटका दिसला, तर अंगाऱ्यात वेळ घालवू नका.