लुटुपुटूची लढाई
(कोजागिरीला गच्चीवर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मसाला दूध आटेपर्यंतचा वेळ मला दिलाय, तेवढ्यात आटोपतो.

लेकीकडे अमेरिकेला गेलो होतो, तेव्हा जावईबापूंनी गेटिसबर्गला नेलं. जुलै १८६३ मध्ये तिथे तीन दिवसांच्या लढाईत मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून पन्नास हजारांच्या आसपास माणसं कामी आली. आणि जवळच्याच एका शेतात हौशी मंडळी निळे आणि करडे गणवेश घालून तीच लढाई परत ‘लढत’ होती!

भर उन्हात जाड लोकरीचे डगले, ठासणीच्या बंदुका. बंदुकीत गोळी नाही, नुसती दारू. मरायचं कोणी, हा मोठा प्रश्न. चार तास गाडी हाकत आलेला माणूस पहिल्या पाच मिनिटांत मरायला कसा तयार होणार?

हौस तशी जुनी. १८३९ साली स्कॉटलंडात एग्लिंटनच्या उमरावाने सरदारांच्या भालायुद्धाचा थाट मांडला, पण पावसाने सगळा चिखल केला. गेटिसबर्गला मात्र १९१३ साली, पन्नास वर्षांनी, त्या युद्धात खरोखर लढलेले म्हातारे जमले. दक्षिणेकडचे ते मैदान पुन्हा चालत आले आणि दगडी भिंतीपाशी जुन्या शत्रूंशी हात मिळवले. १९६१ मध्ये युद्धाच्या शताब्दीला व्हर्जिनियात मनॅससची लढाई हजारोंनी साकारली, तिथून हा छंद पसरला. इंग्लंडात १९६८ साली ब्रिगेडियर पीटर यंग यांनी ‘सील्ड नॉट’ काढली. ते तिकडच्या सतराव्या शतकातल्या यादवीच्या लढाया खेळतात.

एक गोष्ट मला खटकली. पुष्कळजण दोन्ही रंगांचे कपडे बाळगतात. एका बाजूला माणसं कमी पडली की तिकडे जातात. अहो, युद्ध पेटलं होतं गुलामगिरीवरून! बाजू अशी सदऱ्यासारखी बदलता येते? त्या दुपारी कर्ण्यावरून तोफा, पलटणी, सेनापती सगळं सांगितलं, गुलामांचं नाव नाही. १९८९ साली ‘ग्लोरी’ चित्रपट आला, चोपन्नाव्या मॅसॅच्युसेट्स या काळ्या सैनिकांच्या पलटणीवरचा. त्यानंतर काळी माणसंही तो गणवेश घालून मैदानात दिसू लागली. मला ती बघायची होती, त्या दिवशी नव्हती.

आपली पोरं दिवाळीत किल्ला करतात. मावळे सगळ्यांना हवे असतात, शत्रूची चित्रं डब्यातच राहतात. यंदा मी विचारणार आहे, बाळांनो, हे लढतायत कशासाठी?

वास आला बघा. पातेलं उतू जायच्या आत थांबतो.