बाळाचं पोट भरतंय, हे कसं ओळखायचं?

(जांब समर्थ, ता. घनसावंगी, जि. जालना इथं बायांच्या बैठकीत झालेलं बोलणं. जंगलातल्या गावांनाही कामी येईल म्हणून छापत आहोत.)



मघाशी एका पोरीनं विचारलं, "ताई, लेकरू सारखं रडतं. सासू म्हणते दूध पुरत नाही, डबा आणा. खरं कसं कळावं?" सवाल चांगला आहे. अंगावरचं दूध मापट्यानं मोजता येत नाही. पण बाळ किती प्यालं ते दुपट्यावर दिसतं.

पहिले दोन-तीन दिवस चीक येतो. थोडाच असतो, पण बाळाचं पोटही तेव्हा एवढंसंच असतं. तो पिळून टाकू नका. तेव्हा शू कमी आणि शी काळी, चिकट असते. पाचव्या दिवसापासून मोजा. दिवस-रात्र मिळून सहा किंवा जास्त वेळा शू, तीही फिकी. आणि पिवळी, पातळ शी तीन-चारदा. ही हगवण नव्हे. महिन्यानंतर शी कमी झाली तरी घाबरू नका. मात्र वरचं पाणी पाजलं तर ही मोजणी खोटी ठरते. सहा महिने पाणी, मध, गुटी काहीच नको.

पाजताना गिळल्याचा आवाज येतो का बघा. दिवस-रात्रीत आठ ते बारा वेळा पाजा. वजन सुरुवातीला थोडं उतरतं, दोन आठवड्यांत जन्माइतकं भरतं. पुढं पहिले तीन महिने महिन्याला अर्धा किलोच्या वर वाढायला पाहिजे. अंगणवाडीत काट्यावर तोलून घ्या.

नुसतं रडणं, छाती मऊ लागणं, सांजच्याला घडीघडी मागणं, ही दूध कमी असल्याची खूण नव्हे. बाळ जितकं ओढतं तितकं दूध बनतं. डबा सुरू केला की ओढणं कमी, मग दूधही कमी. डबा महाग म्हणून बाई पातळ करून पाजते, आणि लेकरू वाळतं.

पण बाळ सुस्त पडलं, ओढेना, अंग गार लागलं, टाळू खोल गेली, शू गडद आणि कमी झाली, तर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हे गावच्या बाईला जमतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच बायांना शिकवलं. त्या घरोघर जाऊन बाळ तोलत, पाजणं बघत, आजार ओळखत. तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त घटले.

आता शेवटचं. उचल घेऊन फडावर गेलेली बाळंतीण लेकरू कोपीत टाकून मोळ्या वाहते. ती आठदा कधी पाजणार? दोष तिच्या दुधाचा नाही. गावात कसायला जमीन असती तर लेकरू बांधावरच्या झोळीत, हाकेच्या अंतरावर असतं. म्हणून रोजगार हमीच्या कामावर पाळणाघर मागा, आणि जमिनीचा पट्टा मागताना हेही सांगा: आमच्या लेकराचं दूध या जमिनीशी बांधलेलं आहे.

जिंदाबाद!