लोकमताचे माप आणि घराचा उंबरठा

सुरत म्हटले की मराठी मनाला 1664 ची शिवछत्रपतींची स्वारी आठवते, नाही तर जर आणि हिरे. याच शहरात 1969 साली प्रा. आय. पी. देसाई यांनी एक संशोधनसंस्था स्थापन केली. आज ती सामाजिक अध्ययन केंद्र म्हणून ओळखली जाते. लोकांचे मत मोजणे किती अवघड आहे, याची साक्ष देसाई यांच्या एका पाहणीत सापडते.

1971 साली त्यांनी गुजरातेतील 69 खेड्यांत अस्पृश्यतेचा शोध घेतला. ‘आपण अस्पृश्यता मानता काय?’ असा सरळ प्रश्न टाकून कागद भरणे सोपे होते. परंतु 1955 च्या कायद्याने अस्पृश्यतेचे आचरण गुन्हा ठरले होते. अशा प्रश्नाला ‘होय’ म्हणणे म्हणजे जवळजवळ कबुलीजबाबच! म्हणून देसाई यांनी माणसाच्या मताऐवजी गावाचे व्यवहार एकेक करून तपासले. टपालकचेरीत काय घडते, शाळेत मुले कशी बसतात, पाणी कोठे भरतात, देवळात कोण जाते, घराच्या आत कोणाला घेतात?

उत्तर एकच आले नाही. टपालकचेरी आणि शाळेतील बैठक येथे विटाळ बराच ओसरलेला दिसला. देऊळ आणि घर येथे तो ठाण मांडून होता. टपालकचेरी ही नव्या राज्यव्यवस्थेबरोबर आलेली; तिला जुन्या रूढीचा आधार नव्हता. देवळाला तो होता, आणि देऊळ कायद्याच्या कक्षेत असूनही तेथे कायदा लंगडा पडला. या सर्वांची सरासरी काढून एकच आकडा छापला असता, तर तो वाचणाऱ्याला समाधान देऊन गेला असता, आणि देवळाबाहेर उभ्या असलेल्या माणसाची त्यात नोंदही उरली नसती. हा ग्रंथ 1976 मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने प्रसिद्ध केला.

राष्ट्रव्यापी पाहणीत गाव दिसत नाही, घर दिसते. आणि घरात प्रश्नाच्या शब्दांवरच सारी मदार असते. 2011-12 च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात 42 हजारांहून अधिक कुटुंबांना प्रथम विचारले गेले, ‘घरात कोणी अस्पृश्यता पाळते का?’ जे ‘नाही’ म्हणाले त्यांना पुढे विचारले, ‘मग अनुसूचित जातीच्या व्यक्तीने तुमच्या स्वयंपाकघरात यावे, तुमची भांडी वापरावी, हे चालेल काय?’ दोन्ही उत्तरे एकत्र केल्यावर सुमारे 27 टक्के कुटुंबांत अस्पृश्यता आढळली. पहिल्या प्रश्नावरच थांबले असते, तर आकडा बराच खाली राहिला असता. तोंडाने ‘नाही’ म्हणणारा प्रत्येक गृहस्थ खोटे बोलतो असे नव्हे. पुष्कळांना स्वयंपाकघर अस्पृश्यतेच्या हिशेबात धरावे हेच सुचत नाही.

देसाई यांच्या खेड्यांकडे घनश्याम शाह 1996 मध्ये पुन्हा वळले. सार्वजनिक व्यवहारांतील विटाळ पंचवीस वर्षांत आणखी कमी झाला होता. देवळाच्या पायरीवर आणि घराच्या उंबरठ्यावर मात्र बहुतेक गावांत जुनाच नियम चालू होता.