वाळवंटातील दूध : चारा, पाणी आणि अवधी

दुग्धव्यवसाय जगात सर्वत्र गवताच्या आणि पाण्याच्या मागे गेला. वाळवंटी देशाला मात्र हा क्रम उलटा करावा लागतो, म्हणजे आधी गाय आणावी लागते आणि मग तिच्यासाठी चारा, पाणी आणि सावलीसुद्धा निर्माण करावी लागते. अशा खटाटोपातून नेमके काय साधते, हे पाहण्यासाठी कतारइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

कतार हा सुमारे साडेअकरा हजार चौरस किलोमीटरचा देश असून तेथे एकही नदी नाही. तेथे वर्षाकाठी पाऊस ८० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तर सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यातही त्याच्या सहा-सातपट पडतो. ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले आणि देशाची एकमेव भूसीमा बंद झाली, तेव्हा दुकानांतले ताजे दूध बव्हंशी त्याच सीमेवरून सौदी ट्रकांनी येत होते. तुर्कस्तान आणि इराणमधून तातडीने माल आला; परंतु जुलैतच ‘बलदना’ (अर्थात ‘आपला देश’) या कंपनीने जर्मनीतल्या १६५ होल्स्टीन गाई बुडापेस्टमार्गे विमानाने उतरवल्या. पुढे जहाजांनी आणखी हजारो गाई आल्या आणि दोन वर्षांच्या आत ताज्या दुधाची देशाची गरज देशातच भागू लागली.

ही गाय महाराष्ट्रातल्या गोठ्यांना ‘एचएफ’ या नावाने परिचित आहे, आणि चैत्र-वैशाखात तिचे दूध का आटते हेही गोपालकांना ठाऊक आहे. गाईच्या पोटातील पहिल्या कप्प्यात, म्हणजे रुमेनमध्ये, चारा आंबताना उष्णता निर्माण होते. जितके दूध अधिक, तितके खाणे अधिक आणि तितकीच शरीरातली धगही अधिक. बाहेरचा पारा चढला की गाय ही धग कमी करण्याचा एकच सोपा मार्ग धरते, तो म्हणजे खाणे कमी करणे. म्हणून आखातातल्या गोठ्यांत मोठे पंखे लावून बारीक तुषार उडवले जातात. त्यांचे बाष्प होताना हवा थंड होते. मात्र ही युक्ती कोरड्या हवेत चालते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात किनाऱ्यावरची हवा दमट होते, तुषार हवेत विरत नाहीत आणि गोठा नुसताच ओलसर होतो; तेव्हा गाईच्या पाठीवर पाण्याचे मोठे थेंब सोडून कातडी भिजवावी लागते आणि वर जोराचा वारा मारावा लागतो. कतारमधील प्रत्येक लिटर दुधात विजेचा असा मोठा वाटा आहे.

त्याहून मोठा वाटा पाण्याचा. उन्हाळ्यात दुभती होल्स्टीन दिवसाला १०० लिटरहून अधिक पाणी पिते, आणि तेथे पिण्याजोगे पाणी मुख्यतः समुद्राचे खारे पाणी गोडे करूनच मिळते. तरीही हा खर्च पेलण्याजोगा आहे. न पेलणारे पाणी चाऱ्यात दडलेले असते. ल्युसर्न, म्हणजेच लसूणघास, याचा एक किलो सुका चारा तयार व्हायला कित्येक शे लिटर पाणी लागते, आणि अशी गाय दिवसाला वीस-पंचवीस किलो सुका चारा फस्त करते. म्हणजे हौदातले पाणी शंभर लिटर, तर गव्हाणीतले हजारो लिटर. हे गव्हाणीतले पाणी कतार परदेशातून, वाळलेल्या गवताच्या गासड्यांच्या रूपाने आणतो.

मग परावलंबन संपले कुठे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु तो अपुरा आहे. ताजे दूध काही दिवसांत नासते, तर कोरडा राखलेला चारा महिनोन्‌महिने टिकतो. दुधाचा ट्रक अडला तर आठवड्यात कपाट रिकामे होते. चाऱ्याचे जहाज अडले तर दुसरे बंदर, दुसरा देश शोधायला सवड मिळते. या व्यवसायाने कतारला स्वयंपूर्णता दिली असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. त्याने अवधी दिला, आणि वेढ्यात सापडलेल्या छोट्या देशाला अवधीचे मोल फार असते.

या अवधीची किंमत मात्र दुसरीकडे कोणीतरी मोजतो. सौदी अरेबियाने अनेक वर्षे भूजल उपसून हिरवा चारा पिकवला आणि पाणी खोल गेल्यावर २०१५च्या अखेरीस ती लागवड टप्प्याटप्प्याने थांबवण्याचा निर्णय घेतला. १९७७मध्ये स्थापन झालेल्या ‘अलमराई’ या तेथील बलाढ्य दुग्धकंपनीने त्याआधीच, २०१४ साली, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात जवळपास दहा हजार एकर जमीन घेतली होती. तेही वाळवंटच, तेथल्या भूजलावरून इतका असंतोष माजला, की २०२३मध्ये राज्यपाल केटी हॉब्स यांनी कंपनीच्या उपकंपनीकडील सरकारी जमिनीचा एक भाडेपट्टा रद्द केला.

आता बलदनानेही चाऱ्याच्या जवळ जायचे ठरवले आहे. २०२४मध्ये अल्जीरियाशी झालेल्या सुमारे साडेतीन अब्ज डॉलरच्या करारानुसार सहारातल्या अद्रार प्रांतात १ लाख १७ हजार हेक्टरांवर शेती, २ लाख ७० हजार गाई आणि दूध पावडरीचे उत्पादन योजले आहे. तेथील भूजल हजारो वर्षांपूर्वीच्या ओल्या काळात साठलेले असून आजच्या पावसाने त्याची भरपाई जवळजवळ होत नाही. याच अद्रारमध्ये ‘फोगारा’ नावाचे जमिनीखालचे उतरते बोगदे आहेत. छत्रपती संभाजीनगरची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्यांची कल्पना सहज येईल. पाणी आपल्याच उताराने गावाशी येते आणि कंगव्याच्या दात्यांसारख्या फटी असलेल्या दगडी पाटीतून ज्याच्या त्याच्या हक्काप्रमाणे वाटले जाते. खोल विंधनविहिरी आल्यापासून यांतले अनेक फोगारा आटले आहेत.