फाइलमध्ये माणूस दिसला पाहिजे

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपण इथे राहायला आलो तेव्हा आपली मुलं शाळेत जात होती. आज बऱ्याच घरांतली मुलं परदेशात आहेत आणि व्हिसा हा लिफ्टमधल्या गप्पांचा विषय झाला आहे. आई-वडिलांच्या व्हिसाची माहिती देणारे पुष्कळ भेटतात. पण घरात एखादी दिव्यांग व्यक्ती असेल आणि तिला मागे ठेवून जाता येत नसेल तर काय करायचं, हे सांगणारं कोणी भेटत नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

माझ्या धाकट्या भावाला आपण सगळे ओळखता. वय एकसष्ट, समज पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढी. आई गेल्यापासून तो आमच्याकडेच आहे. मुलगी कॅनडात. तिने बोलावलं तेव्हा सौ.ने एका वाक्यात निकाल दिला : "भावजी येणार असतील तरच मी येणार."

आम्हा दोघांना 'सुपर व्हिसा' मिळण्यासारखा होता. तो आई-वडील आणि आजी-आजोबांसाठी असतो आणि त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. भाऊ-बहीण त्यात बसत नाहीत, मग ते कितीही अवलंबून असोत. एवढंच काय, स्वतःचा सज्ञान मुलगा दिव्यांग असला तरी त्याचं नाव आई-वडिलांच्या सुपर व्हिसाच्या अर्जात घालता येत नाही. त्याच्यासाठी साध्या व्हिजिटर व्हिसाचा वेगळा अर्ज करावा लागतो. फी 100 कॅनेडियन डॉलर, बोटांचे ठसे आणि फोटो यांचे 85. मुक्काम साधारण सहा महिने. तेव्हा तिकिटं काढताना सर्वांत कमी मुदत ज्याची, त्याच्या हिशेबाने काढा.

आता खरा प्रश्न. एका एजंटने आम्हाला सल्ला दिला, "काका, आजारपणाचं काही लिहूच नका. लिहिलंत की गेलं." अर्जात तर स्पष्ट विचारलेलं असतं की, कॅनडात असताना औषधांव्यतिरिक्त आरोग्य किंवा सामाजिक सेवा लागेल असा काही शारीरिक वा मानसिक विकार आहे का? तिथल्या कायद्यात खोटी माहिती देणाऱ्याला किंवा महत्त्वाची माहिती दडवणाऱ्याला पाच वर्षं प्रवेशबंदी आहे. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी ज्या भावाला आम्ही कधी पाहुण्यांपासून लपवलं नाही, त्याला सरकारी कागदावर का लपवायचं? आम्ही 'होय' लिहिलं आणि सविस्तर खुलासा जोडला : फिट्सच्या गोळ्या चालू आहेत, अंघोळ-कपड्यांना मदत लागते, ती गेली अनेक वर्षं आम्ही दोघंच करतो आणि तिथेही आम्हीच करणार.

इथे बँकेतला अनुभव उपयोगी पडला. कर्जाचं प्रपोजल हेड ऑफिसला जातं. ब्रँच मॅनेजर माणसाला ओळखत असतो, पण मंजुरी देणाऱ्याने त्याला पाहिलेलं नसतं. त्याच्यासमोर फक्त फाइल. कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसाचंही तसंच. सहसा मुलाखत होत नाही, निर्णय कागदांवर होतो. म्हणून फाइलमध्ये माणूस दिसला पाहिजे. अधिकाऱ्याच्या मनात तीन प्रश्न असतात : हा कोणावर अवलंबून आहे, खर्च कोण करणार, आणि हा परत का जाईल?

पहिल्याचं उत्तर म्हणजे यूडीआयडी कार्ड, डॉक्टरांचं साध्या भाषेतलं पत्र आणि माझी आयकर विवरणपत्रं. आयकर कायद्याखाली अवलंबून असलेल्या दिव्यांग नातेवाइकासाठी 75 हजारांची, आणि दिव्यांगत्व 80 टक्के किंवा अधिक असल्यास सव्वा लाखाची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते. त्यात भाऊ-बहीणही येतात. ती मी वर्षानुवर्षं घेत आलो. त्याला मी सांभाळतो याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता? नातं सिद्ध करायला जुनं रेशन कार्ड कामी आलं. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर घरच्या माणसाने केलेलं चालत नाही, हेही लक्षात ठेवा.

दुसऱ्याचं उत्तर म्हणजे माझं पेन्शन, सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि मुलीचं निमंत्रणपत्र. अर्जाच्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम भरू नका. ती कोणाच्याही डोळ्यांत येते. पाहुण्याला तिथली सरकारी आरोग्यसेवा मिळत नाही, म्हणून प्रवास विमा घ्या आणि आधीपासूनच्या आजाराचं कलम नीट वाचा.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. नोकरी नाही, जमीन नाही, बायको-मुलं नाहीत. हा परत कशासाठी येईल? या उत्तरासाठी मी आपल्या सेक्रेटरींकडे गेलो. त्यांनी सोसायटीच्या लेटरहेडवर लिहून दिलं की, हे गृहस्थ सोसायटी झाल्यापासून इथे राहतात, रोज सकाळी वॉचमनबरोबर गेटवर बसतात, गणपतीच्या आरतीला झांज वाजवतात आणि सर्व रहिवासी त्यांना ओळखतात. तीन ओळींचं पत्र, पण माझ्या मते अख्ख्या फाइलमध्ये तेच सर्वांत वजनदार. भाऊ आमच्याबरोबर गेला, चार महिने राहिला आणि मुदतीच्या आत परत आला.

सगळ्यांना होकारच येईल असं मी म्हणत नाही. नकार आला तर खचू नका. नव्या पुराव्यांसह पुन्हा अर्ज करता येतो. अधिकाऱ्याने नोंदीत काय लिहिलं, ते कॅनडात राहणाऱ्या नातेवाइकाला तुमची लेखी संमती जोडून, माहितीच्या कायद्याखाली पाच डॉलर भरून मागवता येतं. ते वाचल्याशिवाय दुसरा अर्ज करू नका. नियम आणि फी बदलत असतात, तेव्हा अधिकृत संकेतस्थळ पाहूनच पुढे जा.

शेवटची गोष्ट व्हिसापुरती नाही. बौद्धिक दिव्यांग मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याने ते सज्ञान होतं, आणि आई-वडीलसुद्धा आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायदा, 1999 नुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घेता येतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांना तो कायदा लागू आहे. आम्ही तो आदेश घेतला होता, म्हणून पुढचं सोपं गेलं. आपल्यानंतर कोण, हा प्रश्न आपण सगळे पुढे ढकलतो. परदेशी जायचं असो वा नसो, हा एक कागद आपल्या हयातीत करून ठेवा.

माझ्या फाइलची झेरॉक्स काढून ठेवली आहे. ज्यांना हवी त्यांनी संध्याकाळी केव्हाही घरी यावं. चहा सौ. करील आणि बिस्किटांची बशी भाऊच आणून देईल.